आठ-दोनच्या लोकलमध्ये चॉसर

सकाळची ८.०२ची लोकल, डोंबिवली, लेडीज डबा. उजवा हात वरच्या कडीला, डावा पर्सवर, नाकासमोर कुणाचा तरी ताजा मोगऱ्याचा गजरा. आणि कानात एक बाई. तिचे पाच नवरे होऊन गेलेत, सहावा कधीही येवो, स्वागतच आहे, असं ती भर रस्त्यात तीसेक माणसांच्या घोळक्याला ठणकावून सांगतेय. मला फिस्सकन हसू येतं. शेजारची विचारते, "काय ऐकतेस गं एवढं?"

चौदाव्या शतकातली इंग्लिश कविता, असं खरं उत्तर दिलं तर ती ठाण्याला डबा बदलेल. म्हणून मी 'पॉडकास्ट' म्हणते आणि विषय संपवते.

पण तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. गेले आठ महिने मी डोंबिवली ते घाटकोपर लोकलनं आणि तिथून अंधेरीपर्यंत मेट्रोनं जाता-येता जेफ्री चॉसर ऐकतेय. 'द कँटरबरी टेल्स'. साधारण १३८७च्या सुमारास लिहायला घेतलेली आणि १४०० साली चॉसर गेला तेव्हा अर्धवटच राहिलेली. ऑफिसात कुणी वेब सिरीज बघतं, कुणी शेअर बाजाराचे धडे ऐकतं. माझं हे असं. आणि ते प्रेमानं सुरू झालं असंही नाही. सूड म्हणून सुरू झालं.

मी मराठी मीडियमची. कराडजवळच्या गावातून कॉलेजला गेले आणि हौसेनं इंग्लिश लिटरेचर घेतलं. शाळेत आम्ही स्पेलिंग पाठ करायचो ते जसं दिसेल तसं म्हणून. नाइफ लक्षात राहावी म्हणून 'क्निफे', गुडघा लक्षात राहावा म्हणून 'क्नी'. तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलंय, उगाच नाही म्हणू नका! तर शेवटच्या वर्षाला वर्गात चॉसर वाचायची पाळी माझ्यावर आली आणि मी छातीठोकपणे 'नाइट'ला 'क्नाइट' म्हटलं. तो के सायलेंट असतो हे मला माहीत होतं हो. पण घाबरलं की माणूस शाळेतल्या भाषेत बोलतो. वर्ग हसला. सरही हसले, आणि त्यांनी पुढच्या मुलीला वाचायला सांगितलं. बस, एवढंच. कुणी मला मारलं नाही की झोडलं नाही. पण त्यानंतर चार माणसांत इंग्लिश वाचायला, बोलायला मी तोंड उघडलं नाही. एम.ए.चा फॉर्मही भरला नाही. विमा कंपन्यांच्या क्लेम्सचं बॅकऑफिस काम करते. तिथं लिहावं लागतं, आणि लिहिण्यात मी वाघ आहे.

मागच्या पावसाळ्यात गाड्या तासभर खोळंबल्या होत्या. त्या दिवशी ऑडिओबुकच्या ॲपवर टाइमपास करताना सर्चमध्ये चॉसर टाकला. जुना हिशेब. बघू तरी, त्या दिवशी 'बरोबर' कसं वाचायला हवं होतं ते!

आता ऐकायला जाल तर दोन प्रकार सापडतात. एक म्हणजे आजच्या इंग्लिशमध्ये केलेली भाषांतरं, छान नटमंडळींनी वाचलेली. दुसरा, मूळ मध्ययुगीन इंग्लिशमध्ये, त्या काळचे उच्चार अभ्यासकांनी जसे जुळवलेत तसे. माझ्या हाती चुकून दुसरा लागला. पहिली पाच मिनिटं वाटलं, कुणीतरी जर्मन माणूस घसा खाकरत गातोय. मग फोनवर मजकूर उघडला आणि बोट ठेवून ऐकत गेले. आणि तो शब्द आला. वाचणाऱ्यानं स्पष्ट, ठसठशीत म्हटलं: 'क्निख्ट'.

के सकट!

मी तिथेच, मुंब्र्याच्या अलीकडे बंद पडलेल्या गाडीत, रिवाइंड करून सात वेळा ऐकलं.

मग काय, पुढचे पंधरा दिवस मी याच्याच मागे. गोष्ट अशी आहे की चॉसरच्या काळात लोक जवळजवळ जसं लिहायचे तसंच बोलायचे. 'नेम'ला 'नाम' आणि शेवटी एक हलका 'अ', 'टाइम'ला 'तीम', 'हाउस'ला 'हूस'. नाइफ होती 'क्नीफ'. नाइट आणि लाइटमधला तो जीएच, जो आज नुसताच शोभेला उभा असतो, तो आपल्या 'ख'सारखा घशातून खरवडत निघायचा. पुढे साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्लिशचे दीर्घ स्वर एकामागोमाग एक जागा सोडून सरकले. याला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' म्हणतात. आणि नेमक्या याच गोंधळात विल्यम कॅक्स्टननं १४७६मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. छापखान्यांमुळे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, तोंडं मात्र पुढे चालत राहिली. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं'वर न बोलली जाणारी टिंबं दिसतात ना, तसाच प्रकार. फक्त आपण ती टिंबं काढून टाकली आणि इंग्रजांनी के सांभाळून ठेवला.

म्हणजे मी चुकले होते का? आजच्या हिशेबानं अर्थातच चुकले होते, आणि माझा 'क्नाइट' धड इकडचा ना तिकडचा होता. पण वाचत चॉसर होते! अख्ख्या अभ्यासक्रमात ज्या एका लेखकासाठी तो के चालला असता, नेमक्या त्याच्याच तासाला मला हसले. याची गंमत वाटायला मला दोन दिवस लागले. पहिले दोन दिवस नुसता राग.

सूड पुरा झाला तेव्हा थांबले असते. पण तोवर गोष्टींनी पकडलं होतं.

लंडनच्या दक्षिणेला, नदीपलीकडच्या सदर्कमध्ये टॅबर्ड नावाची खाणावळ. तिथे कँटरबरीच्या यात्रेला निघालेले तीसेक यात्रेकरू योगायोगानं एकत्र येतात: सरदार, पिठाची गिरणीवाला, जोगीण, डॉक्टर, वकील, नांगऱ्या, आचारी. खाणावळीचा मालक म्हणतो, वाटेत कंटाळा येऊ नये म्हणून जाताना दोन आणि येताना दोन गोष्टी प्रत्येकानं सांगायच्या, ज्याची सगळ्यात झकास त्याला परत आल्यावर बाकीच्यांकडून जेवण. हिशेबानं शंभरावर गोष्टी व्हायला हव्या होत्या. झाल्या चोवीस, त्यातल्याही काही अर्धवट. मला तर हे आपल्या डब्यासारखंच वाटतं. इथे बँकेची ऑफिसर, नर्स, मटार सोलणारी आणि कानातली विकणारी एकाच बाकाला टेकतात आणि चौथ्या सीटवरून एकमेकींचं आयुष्य ऐकतात. जेवणाची पैज नाही, एवढंच.

आणि चॉसर स्वतः कोण? तर ऑफिसवाला! दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तरुणपणी फ्रान्समध्ये लढाईत पकडला गेला, तेव्हा १३६०मध्ये त्याच्या सुटकेसाठी राजानं १६ पौंड दिले. १३७४पासून बारा वर्षं तो लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचा कंट्रोलर होता आणि हिशेब स्वतःच्या हातानं लिहायची अट होती. राहायला शहराच्या वेशीवर, ऑल्डगेटच्या दरवाजावरच्या खोल्या, भाडं माफ. वर राजाकडून रोज एक घडाभर वाइन. असे पर्क्स आजच्या कुठल्या पॅकेजमध्ये आहेत सांगा! त्याच्याच एका दुसऱ्या कवितेत एक गरुड त्याला उचलून नेतो आणि वर झापतो, की दिवसभर हिशेब करतोस आणि घरी गेल्यावर मुक्या दगडासारखा पुन्हा पुस्तकासमोर बसतोस, शेजाऱ्यापाजाऱ्यांची तुला खबरही नसते. सहाशे वर्षांपूर्वीचं वर्क-लाइफ बॅलन्सवरचं लेक्चर. ऐकताना मी दचकून इकडे तिकडे पाहिलं.

त्याच्या ऑफिसात आणि दरबारात मान कुठल्या भाषेला होता? फ्रेंचला आणि लॅटिनला. इंग्लिश ही गल्लीतली भाषा. १३६२मध्ये कोर्टात इंग्लिशच बोलायला हवं असा कायदा झाला, आणि तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! चॉसरनं ठरवलं असतं तर फ्रेंचमध्ये लिहून बड्या लोकांत भाव खाल्ला असता. नाही लिहिलं. आपल्याकडे त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १२९०मध्ये, ज्ञानेश्वरीच्या वेळी संस्कृतच्या बाबतीत हेच घडलेलं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मला आपलं एवढंच वाटत राहिलं, की ज्या भाषेची मी वर्षानुवर्षं धास्ती घेतली ती भाषाही एके काळी दारातच चपला काढून उभी होती.

ॲक्सेंटवरून टिंगल ही पण तेव्हापासूनचीच. यात्रेतल्या मठाधिकारी बाईंच्या फ्रेंचबद्दल चॉसर गोड आवाजात कळवतो, की त्या फ्रेंच फारच छान बोलतात, पण लंडनशेजारच्या स्ट्रॅटफर्डची. पॅरिसची त्यांना ठाऊक नाही. वाचलं असतं तर निसटलं असतं. ऐकताना वाचणाऱ्याच्या आवाजातला तो मिश्कील चिमटा बरोबर लागतो. पुढे कारभाऱ्याच्या गोष्टीत केंब्रिजची दोन पोरं उत्तर इंग्लंडच्या गावठी बोलीत बोलतात. गिरणीवाला समजतो, हे येडे आहेत, यांचं पीठ सहज मारता येईल. शेवटी तोच मार खातो. (कसा, ते इथे छापण्यासारखं नाही. हेडफोन लावून ऐका, स्पीकरवर नको.) 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टोल्किन हे या जुन्या इंग्लिशचे प्राध्यापक. त्यांनी या एका गोष्टीतल्या बोलीवर १९३४मध्ये भलामोठा निबंध छापलाय. गावठी उच्चारांवर निबंध! मला तो निबंध फ्रेम करून लावावासा वाटतो.

आता ती पाच नवऱ्यांची बाई. 'वाइफ ऑफ बाथ', नाव ॲलिसन. दातांत फट, डोक्यावर ढालीएवढी टोपी, पायांत लालभडक मोजे, तीनदा जेरुसलेमला जाऊन आलेली, एका कानानं बहिरी. का बहिरी? पाचवा नवरा तिच्याहून वीस वर्षांनी लहान आणि शिकलेला. रोज रात्री तो एका पुस्तकातून वाईट बायकांच्या गोष्टी तिला वाचून दाखवायचा. एक दिवस तिनं त्यातली पानं टराटरा फाडली आणि त्याला ठोसा दिला. त्यानं डोक्यात असा तडाखा हाणला की कान गेला. गंमत बघा, या बाईचा छळसुद्धा वाचून दाखवण्यातूनच झालेला. शेवटी तो शरण येतो, पुस्तक जाळलं जातं, घराच्या चाव्या हिच्या हातात. ती विचारते, सिंहाचं चित्र काढलं कुणी? म्हणजे गोष्टी जर बायकांनी लिहिल्या असत्या तर पुरुषांचं काय झालं असतं? हे मी लेडीज डब्यात ऐकलं आणि खरोखर मान हलवून दाद दिली.

पण तिची स्वतःची गोष्ट मला अजून खटकते. एक सरदार एका मुलीवर बलात्कार करतो. शिक्षा म्हणून राणी त्याला वर्ष आणि एक दिवस देते, बायकांना सर्वांत जास्त काय हवं असतं ते शोधून आण म्हणते. उत्तर मिळतं: सत्ता, स्वतःचा शब्द चालणं. उत्तर फक्कड आहे. पण त्याला शेवटी सुंदर बायको मिळते आणि त्या मुलीचं पुढे काय झालं कुणी विचारत नाही. हे चॉसरला दिसत होतं की नव्हतं, यावर विद्वानांनी भांडावं. मी त्या दिवशी चिडून दोन स्टेशनं कान मोकळे ठेवले. आणि मठाधिकारी बाईंची गोष्ट तर ज्यूंच्या द्वेषानं इतकी बरबटलीय की मी एकदा ऐकून पुन्हा लावली नाही. जुनं म्हणजे सगळं सोनं, असं मी मुळीच म्हणणार नाही. शेवटचं पाद्रीबुवांचं लांबलचक गद्य प्रवचन ऐकताना मला उभ्याउभ्या डुलकी लागली आणि मी कुर्ल्याला उतरले.

न आवडेल ते सोडून द्यायची परवानगी चॉसरनंच देऊन ठेवलीय बरं का. गिरणीवाल्याच्या आचरट गोष्टीआधी तो सांगतो, ज्याला ऐकायची नसेल त्यानं पान उलटून दुसरी निवडावी. एकाच वाक्यात 'ऐकायची' आणि 'पान' दोन्ही! कारण तेव्हा पुस्तक हातानं लिहिलेलं, महाग. एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचं हा सर्रास रिवाज. म्हणजे ऑडिओबुक ही काही चॉसरची आळशी आवृत्ती नाही. उलट वर्गात बाकावर बसून मुकाट पानं उलटणं हीच नंतरची फॅशन.

सगळ्यात हादरवून गेली ती पार्डनरची गोष्ट. पार्डनर म्हणजे पापाची माफी विकणारा. डुकराची हाडं संतांच्या अस्थी म्हणून खपवतो आणि लोभ वाईट यावर प्रवचन झोडतो. (असे मोटिव्हेशनल स्पीकर आपल्या एचआरनं पण आणलेले आहेत.) त्याच्या गोष्टीत तीन टगे मृत्यूलाच ठार करायला निघतात आणि एका झाडाखाली त्यांना सोन्याची रास सापडते. धाकटा गावात दारू आणायला जातो आणि त्यात विष कालवतो. बाकीचे दोघं तो येताच त्याला भोसकतात आणि मग तीच दारू पितात. ऐकताना वाटलं, ही गोष्ट मला माहितीय. शोधलं तर खरंच, हीच गोष्ट पाली जातककथांत आहे, वेदब्भ जातक, नंबर ४८: तिथे चोर आहेत, दारूच्या जागी विषाचा भात आहे. आपल्याकडून निघालेली गोष्ट कुठल्या कुठल्या तोंडांतून आणि कानांतून फिरत इंग्लंडच्या त्या रस्त्यावर पोचली असणार. पासपोर्ट नाही, ॲक्सेंट ट्रेनिंग नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर माझी पद्धत सांगते. आधी आजच्या इंग्लिशमधलं भाषांतर ऐका, गोष्ट कळू द्या, मग मूळ उच्चारातली दहा मिनिटं, स्पीड कमी करून, मजकूर समोर ठेवून. पैसे घालवायचे नसतील तर लिब्रिवॉक्स आहे, २००५मध्ये सुरू झालेलं. जगभरातले हौशी लोक जुनी पुस्तकं वाचून फुकट ठेवतात, आवाज कधी छान, कधी मागे कुत्रं भुंकतंय. चॉसर जड वाटला तर 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' घ्या. त्याच काळातली, कवीचं नावही माहीत नाही, एकच हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत उरलंय. नववर्षाच्या मेजवानीत एक हिरवागार माणूस घोड्यावरून येतो आणि म्हणतो, माझं मुंडकं उडवा, वर्षानं मी तुमचं उडवीन. टोल्किनचं भाषांतर माँटी पायथनवाल्या टेरी जोन्सनं वाचलंय. रात्री दिवे घालवून ऐकायची चीज आहे.

हे शोधताना एक नाव सारखं समोर येत होतं: केडमन. न्यू यॉर्कमध्ये १९५२ साली नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या, २२ वर्षांच्या दोन मैत्रिणी, बार्बरा होल्डरिज आणि मारियान मँटेल, यांनी कवींचे आवाज रेकॉर्ड करायची कंपनी काढली. पहिलीच रेकॉर्ड डिलन टॉमसची. आजच्या ऑडिओबुकचा धंदा त्या पायावर उभा राहिला असं मानतात. कंपनीचं नाव त्यांनी ठेवलं केडमन. हा सातव्या शतकातला गुराखी, ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे असा पहिला इंग्लिश कवी. बीड नावाच्या साधूनं ७३१मध्ये त्याची हकिकत लिहून ठेवलीय. मेजवानीत वीणेसारखं वाद्य हातोहात फिरायचं, ज्याच्याकडे येईल त्यानं गायचं. आपली पाळी जवळ येतेय दिसलं की केडमन गुपचूप उठून घरी जायचा; एका रात्री असाच उठून गोठ्यात झोपला. कारण त्याला गाता येत नव्हतं.

हे ऐकलं तेव्हा मी मेट्रोत होते. पॉज केलं.

कारण दर गुरुवारी दुपारी आमचा इंग्लंडच्या क्लायंटशी कॉल असतो. आकडे माझे, रिपोर्ट माझा, बोलतो दुसरा. माझी पाळी येतेय दिसलं की मी चॅटमध्ये टाइप करते: माइक चालत नाहीये. दोन वर्षं माझा माइक चालत नाहीये. आयटीवाल्यानं दोनदा हेडसेट बदलून दिला, बिचारा.

केडमनला त्या रात्री स्वप्नात कुणीतरी येऊन म्हणालं, गा. तो म्हणाला, येत नाही, म्हणून तर उठून आलो. तरी गा, म्हणाला. मला असं कुणी स्वप्नात आलं नाही. झालं एवढंच की मागच्या महिन्यात एका गुरुवारी आमचा बोलणारा रजेवर होता आणि चॅटमध्ये 'माइक' एवढं टाइप करून मी ते खोडलं. चार मिनिटं बोलले. पलीकडचा गृहस्थ इंग्लंडच्या उत्तरेकडचा, त्याचं बोलणं आमच्या ऑफिसात निम्म्यांना कळत नाही. त्यानं मला दोनदा 'सॉरी?' म्हटलं, मी त्याला तीनदा. 'शेड्यूल' मी नक्की चुकीचं म्हटलं. एक आकडा पुन्हा सांगावा लागला. मग त्यानं थँक्स म्हटलं आणि पुढचा मुद्दा घेतला. घसा इतका कोरडा पडला होता की मी बाटलीभर पाणी प्यायले. पुढच्या गुरुवारी बोलणारा परत आला आणि तोच बोलला. त्याच्या पुढच्या गुरुवारी निम्मं मी बोलले.

परवा शेजारणीनं पुन्हा विचारलं, "नक्की कुठलं पॉडकास्ट गं? मला पण पाठव." मी एक इअरबड तिच्या हातावर ठेवला. बाथची बाई तिसऱ्या नवऱ्यापर्यंत आली होती. ठाणं गेलं, मुलुंड गेलं, तिचे डोळे मोठे होत गेले. "हे इंग्लिश आहे?" "आहे." "कळत नाही, पण ही भांडतेय ना कुणाशी तरी?" घाटकोपरला मी हात पुढे केला, तर ती म्हणाली, "थांब ना, चौथ्याचं काय झालं ते ऐकू दे."